शेजारधर्माला अनुदान

इरॅस्मस नावाच्या डच विद्वानाने १५०९ साली लंडनमध्ये टॉमस मोर या मित्राच्या घरी मुक्काम ठोकून मूर्खपणाची स्तुती करणारं एक पुस्तक लिहिलं. १५११ साली ते छापलं गेलं आणि इतकं गाजलं, की त्याचे जाडजूड गंभीर ग्रंथ आजही या लहानशा पुस्तकाच्या सावलीत उभे आहेत. पुस्तकात मूर्खता स्वतःच व्यासपीठावर चढते आणि आपलं कौतुक आपणच करून घेते. मी नसते तर कुणी लग्नाला उभं राहिलं नसतं, पोरंबाळं झाली नसती, राजे लढाईवर गेले नसते आणि पंडितांनी रात्री जागवून पानंच्या पानं भरली नसती, असा तिचा दावा. पुढे १९८७ साली युरोपीय समुदायाने विद्यार्थ्यांना देशोदेशी फिरवून आणण्याची योजना काढली आणि तिला याच गृहस्थाचं नाव दिलं. अधिकृत खुलासा असा, की योजनेच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं तशी जुळतात. असतील जुळत. पण मूर्खपणाचं ऋण इतक्या जाहीरपणे मान्य करणारं दुसरं सरकारी खातं मला माहीत नाही.

इरॅस्मसने स्वतः १५०६ साली इटलीत तुरिनला जाऊन धर्मशास्त्राची डॉक्टरेट पदरात पाडून घेतली, तीही अगदी थोड्या दिवसांच्या मुक्कामात. आज त्याच्याच नावाच्या योजनेत त्याला ती मिळाली नसती. श्रेयांक भरले नसते.

अशा योजनांच्या गर्दीत मला सर्वांत वंदनीय वाटते ती एक कल्पना: शेजारी देशांतल्या विद्यापीठांनी मिळून एक पदव्युत्तर पदवी द्यायची आणि ती देता यावी म्हणून सरकारांनी तिजोरी उघडायची. शहाण्या माणसाला यातला खुळेपणा लगेच दिसतो. जी पदवी एक विद्यापीठ एकट्याने सुखाने देऊ शकतं, ती तिघांनी मिळून द्यायची आणि तिघांना त्याचा जो त्रास होईल त्याची भरपाई चौथ्याने करायची. शिवाय हे सगळं शेजाऱ्याबरोबर. शेजाऱ्याशी कसं वागावं याचे आपल्याकडे पक्के संकेत आहेत. दिवाळीत फराळाचं ताट पाठवावं आणि उरलेलं वर्ष पार्किंगच्या विषयावर मौन पाळावं. दूरच्या विद्यापीठाशी सामंजस्य करार करणं त्या मानाने निर्धोक असतं. सह्या होतात, शाली दिल्या जातात, छायाचित्र निघतं आणि पाहुणे विमानाने परत जातात. शेजारी परत जात नाही. तो खरंच वर्गात येऊन बसतो.

हे ठाऊक असूनही पुढे सरसावलेल्यांत नॉर्डिक देशांचा मान पहिला. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलंड. शतकानुशतकं एकमेकांची किनारपट्टी लुटून, राजे पळवून आणि सीमा सरकवून झाल्यावर या मंडळींना विसाव्या शतकात स्नेहाचा झटका आला. १९५२ पासून त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नागरिकांना एकमेकांकडे जायला पासपोर्ट दाखवावा लागेनासा झाला. १९७१ साली त्यांच्या सरकारांनी नॉर्डिक मंत्रिपरिषद काढली. डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन बोलणाऱ्यांना एकमेकांचं पुष्कळसं कळतं. फक्त डॅनिश माणूस तोंड उघडतो तेव्हा उरलेले दोघं कागदावर लिहून मागतात. म्हणजे एकत्र शिकायला जे जे लागतं ते सगळं आधीच हजर होतं. आता करण्यासारखं काही उरलं नाही, हे लक्षात आल्यावर मंत्रिपरिषदेने २००७ साली संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी निधी जाहीर केला. अट अशी, की किमान तीन देशांतली किमान तीन विद्यापीठं हवीत आणि विद्यार्थ्याने किमान दोन देशांत राहून शिकायला हवं. एकमेकांची भाषा समजणाऱ्या या शेजाऱ्यांनी मग वर्गात इंग्रजी बोलायचं ठरवलं.

विषयांची निवडही दाद देण्याजोगी. एक अभ्यासक्रम थंड हवामानातल्या अभियांत्रिकीचा, डेन्मार्क, नॉर्वे आणि फिनलंडमधल्या तांत्रिक विद्यापीठांनी मिळून चालवलेला. थंडी तिन्ही देशांत सारखीच असली, तरी ती तिघांकडे जाऊन अनुभवावी यात शिस्त आहे. दुसरा अभ्यासक्रम व्हायकिंग आणि मध्ययुगीन नॉर्स साहित्याचा; त्यात आइसलंड, ओस्लो, आऱ्हुस आणि कोपनहेगन. व्हायकिंगांनी परदेशगमन केलं ते निधीची वाट न बघता, कुऱ्हाड घेऊन. त्यांच्या अभ्यासकांना अर्ज भरावा लागतो, एवढी प्रगती हजार वर्षांत झाली आहे.

अर्जावरून आठवलं. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस या थोरल्या योजनेत एक सोय आहे, जिच्यापुढे मी नतमस्तक होतो. संयुक्त पदवी सुरू करायची नाही, नुसती तिची आखणी करायची, यासाठी ६०,००० युरो आणि १५ महिने मिळतात. या १५ महिन्यांत एकही विद्यार्थी येत नाही, एकही तास होत नाही, एकही परीक्षा घ्यावी लागत नाही. ज्यांनी आयुष्यभर विद्यापीठात नोकरी केली आहे त्यांना विचारा. शिक्षणसंस्थेचं इतकं निर्मळ रूप त्यांनी स्वप्नातच पाहिलेलं असतं. पुढे अभ्यासक्रम मंजूर झाला आणि नाइलाजाने विद्यार्थी आलेच, तर शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला महिन्याला १४०० युरो देतात आणि त्याच्यामागे विद्यापीठांना महिन्याला ७५० युरो. त्याला सांभाळण्याचा मनस्ताप साधारण त्याच्या जेवणखाण-भाड्याच्या निम्म्या किमतीचा आहे, हे अशा स्वच्छ आकड्यात मांडण्याचं धैर्य आपल्याकडच्या कुठल्या खात्यात आहे?

पण खरी मौज गुणपत्रिकेत. पाच नॉर्डिक शेजाऱ्यांच्या गुण देण्याच्या पट्ट्या पाच. नॉर्वे अक्षरं देतो, ‘ए’ ते ‘एफ’. फिनलंड पाचापैकी गुण देतो, आइसलंड दहापैकी. स्वीडनमध्ये विद्यापीठागणिक वेगळा कारभार: कुठे अक्षरं, कुठे तीन-चार-पाच, कुठे नुसतं नापास, पास आणि चांगला पास. आणि डेन्मार्क? डेन्मार्कच्या पट्टीवर सात खुणा आहेत: १२, १०, ७, ४, ०२, ००, आणि उणे ३. हे छपाईचे दोष नव्हेत. ०२ मध्ये आधी शून्य आहे ते कुणी त्या दोनामागे हळूच एक उभा करून बारा करू नयेत म्हणून, असं सांगतात. भ्रष्टाचाराच्या जागतिक यादीत जो देश वर्षानुवर्षं सर्वांत स्वच्छ ठरतो त्याने आपल्या पोरांबद्दल घेतलेली ही काळजी. याआधीच्या पट्टीत १३ होते पण १२ नव्हते. २००७ च्या सुमारास सुधारणा झाली, तेव्हा १२ आले आणि १३ गेले. आपल्याकडे भोपळा म्हणजे तळ. डेन्मार्कने भोपळ्याखाली तळघर काढलं आणि तिथे उणे ३ ठेवले. कोरा पेपर देणारा विद्यार्थी परीक्षेला बसला नसता तर निदान शून्यावर राहिला असता, या विचारात काय करुणा आहे!

आता कोपनहेगनमधले ७ हेलसिंकीत किती होतात, ओस्लोतला ‘सी’ रेक्याविकला पोहोचेपर्यंत किती उरतो, आणि गॉथेनबर्गचा ‘चांगला पास’ बारा धरायचा की दहा, याचे तक्ते असतात. तक्ते करायला समिती असते. समितीला बैठक लागते, बैठकीला प्रवास लागतो आणि प्रवासाला निधी लागतो. अनुदान कशाला हवं असं विचारणारे या साखळीकडे पाहत नाहीत. त्यात या देशांनी श्रेयांक मात्र सगळीकडे एकसारखे केले आहेत, सत्राला ३०, दोन वर्षांना १२०. किती शिकलास यावर युरोपचं एकमत आहे. कसं शिकलास हा प्रत्येक देशाचा अंतर्गत प्रश्न मानला जातो.

शुल्काची कथा आणखी देखणी. एकेकाळी या पाचही देशांत शिक्षण सर्वांना फुकट होतं, परक्यालाही. मग युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून पैसे घ्यायचे ठरले. पण शेजारधर्म असा, की कुणी कुणाला घाई केली नाही. डेन्मार्कने २००६ मध्ये घेतले, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये, नॉर्वेने २०२३ मध्ये. तेव्हाही आइसलंडची सरकारी विद्यापीठं नोंदणी शुल्कावर भागवत होती. त्यामुळे मधल्या वर्षांत एकाच संयुक्त वर्गात, एकाच बाकावर, एकाच पदवीसाठी बसलेल्या दोन पाहुण्यांपैकी एकाने लाखो मोजलेले आणि दुसऱ्याने काहीच नाही, अशी व्यवस्था शक्य झाली. कुठल्या विद्यापीठातून आत शिरलात यावर ते अवलंबून. ही गोष्ट कळल्यावर पुण्या-मुंबईकडचे पालक नकाशा घेऊन बसले असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही. इरॅस्मस मुंडुसच्या शिष्यवृत्त्या मिळवण्यात भारतीय मुलं अनेक वर्षं जगात आघाडीवर राहिली, ती उगाच नव्हेत. ज्या मुलाने बारावीनंतरच्या प्रवेशफेऱ्या पार केल्या आहेत त्याला युरोपातला कुठलाही अर्ज बालवाडीचा वाटतो.

अर्थात ही मुलं पोहोचल्यावर त्यांची खरी पदव्युत्तर परीक्षा सुरू होते. स्वीडनमध्ये १९४७ पासून प्रत्येक रहिवाशाला एक व्यक्ती क्रमांक मिळतो. त्याच्याविना बँक मन लावून बोलत नाही, मोबाइलवरची डिजिटल ओळख मिळत नाही आणि व्यायामशाळासुद्धा संशयाने बघते. हा क्रमांक मिळायला किमान एक वर्ष राहण्याचा इरादा दाखवावा लागतो. संयुक्त पदवीचा विद्यार्थी एका देशात पुष्कळदा एकच सत्र राहतो, कारण एकाहून अधिक देशांत शिकणं हीच तर अट आहे. म्हणजे ज्या नियमाखाली त्याला निधीने बोलावलं, त्याच नियमाखाली तो कागदोपत्री जन्मालाच येत नाही. असा विद्यार्थी सत्र संपवून पलीकडे डेन्मार्कला निघतो, तेव्हा त्याला नवा राहण्याचा परवाना लागतो; कारण डेन्मार्क युरोपीय संघाचा सदस्य असला तरी विद्यार्थ्यांच्या येण्याजाण्याबद्दलच्या संघाच्या नियमांबाहेर आहे. नॉर्वेला आणि आइसलंडला जायचं तर तेही वेगळं, कारण ते संघातच नाहीत. त्याच्या शेजारी बसलेली स्टॉकहोमची मुलगी सकाळी गाडीत बसते आणि दुपारी उतरते. ती पर्यावरणशास्त्रात पदवी घेते. आपला मुलगा त्याबरोबर पाच देशांच्या प्रशासनशास्त्रातही घेतो. त्याचे वेगळे श्रेयांक मिळत नाहीत, एवढी एक त्रुटी निधी देणाऱ्यांनी मनावर घ्यावी.

शेजारप्रेमाचं सर्वांत मोठं स्मारक कोपनहेगन आणि माल्मो यांच्यामधल्या सामुद्रधुनीवर उभं आहे. १ जुलै २००० रोजी ओरेसुंड पूल खुला झाला. पूल, कृत्रिम बेट आणि समुद्राखालचा बोगदा मिळून साधारण १६ किलोमीटर. रेल्वेने कोपनहेगनहून माल्मोला पोहोचायला अर्धा-पाऊण तास. पूल बांधून व्हायच्या आधीच, १९९७ मध्ये, दोन्ही काठांवरच्या विद्यापीठांनी मिळून ओरेसुंड विद्यापीठ नावाची संयुक्त यंत्रणा उभारली. समुद्र आडवा असताना विद्यापीठ जोमात होतं. पूल झाल्यावर यथावकाश ते गुंडाळलं गेलं. मग ४ जानेवारी २०१६ पासून, निर्वासितांच्या लोंढ्यामुळे, डेन्मार्ककडून स्वीडनला रेल्वेने जाणाऱ्यांची ओळखपत्रं तपासायला सुरुवात झाली आणि रोजचे प्रवासी विमानतळाच्या स्थानकावर उतरून रांगेत उभे राहू लागले. १९५२ साली पासपोर्ट गेला तेव्हाचे कुणी आजोबा त्या रांगेत असतील, तर त्यांना तारुण्य परत मिळालं असेल.

तपासणीच्या बाबतीत तर शेजारी देश हात आखडता घेतच नाहीत. संयुक्त अभ्यासक्रम चांगला आहे की नाही, हे प्रत्येक देशाच्या मान्यता संस्थेने आपापल्या कसोटीवर, आपापल्या भाषेत, आपापल्या वेळी ठरवायचं, अशी पद्धत होती. एका देशात प्रबंध फार लहान ठरायचा, दुसऱ्यात फार मोठा. यावर उपाय म्हणून २०१५ साली येरेवानला युरोपच्या शिक्षणमंत्र्यांनी एक संयुक्त पद्धत मान्य केली: एकदाच तपासायचं, सगळ्यांनी मानायचं. आता काही देशांचे कायदे ही पद्धत मानतात, काही अटींसह मानतात, काही मानत नाहीत. म्हणजे संयुक्त पदवीला जो आजार होता तो तिच्या औषधालाही झाला.

फ्रान्स आणि जर्मनी यांचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते या खुळात जास्तच पुढे गेलेत आणि माणसाला भाबडेपणाची लागण होते. सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांची शहरं जाळल्यावर १९९७ साली त्यांनी वायमारला करार करून एक फ्रँको-जर्मन विद्यापीठ काढलं. मुख्यालय सारब्रुकेनला. या विद्यापीठाला स्वतःचे वर्ग नाहीत, स्वतःचे प्राध्यापक नाहीत. दोन्हीकडच्या विद्यापीठांची मोट बांधणं आणि त्यांना पैसे देणं एवढंच त्याचं काम. फ्रान्समध्ये वीसपैकी वीस सहसा देवालाही मिळत नाहीत. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ५ म्हणजे नापास. एकाच मुलाला एकीकडे आकडा वाढवण्यासाठी आणि दुसरीकडे घटवण्यासाठी अभ्यास करावा लागतो. व्हर्दूनच्या रणांगणावर ज्यांची हाडं अजून सापडतात त्यांची पणतवंडं आता गुणांच्या रूपांतरावरून भांडतात. यासाठी दोन सरकारं दरवर्षी पैसे मोजतात, निम्मे-निम्मे.

दक्षिण आशियात आपण इतके वाहवत गेलो नाही, हे अभिमानाने सांगायला हवं. तसा एक झटका आपल्यालाही येऊन गेला. २००५ साली ढाक्याच्या सार्क शिखर परिषदेत मनमोहन सिंग यांनी सदस्य देशांचं मिळून एक विद्यापीठ असावं असं सुचवलं. २००७ मध्ये दिल्लीत करार झाला, २०१० मध्ये वर्ग भरू लागले. विद्यापीठ उभारण्याचा खर्च भारताने उचलला, चालवण्याचा खर्च आठ सदस्य देशांत वाटला. दक्षिण दिल्लीतल्या मैदान गढीला १०० एकर जागा. इथली पदवी आठही देश मान्य करतात, असं करारात लिहिलं आहे. म्हणजे युरोपला जे समित्यांमागून समित्या नेमून साधलं नाही, ते आपण एका सहीत उरकलं. मग आपण शहाणे झालो. सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेली नाही. विद्यापीठाला २०१९ ते २०२३ या काळात पूर्णवेळ अध्यक्षच नव्हता, आणि तरीही ते बंद पडलं नाही. शिक्षणसंस्थेला अध्यक्षाची नेमकी किती गरज असते यावरचा इतका दीर्घ प्रयोग अन्यत्र झाला नसेल.

आणखी शहाणपण २०२२ मध्ये आलं. त्या एप्रिलमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने भारतीय विद्यार्थ्यांना बजावलं, की पाकिस्तानात शिकायला जाऊ नका. तिथली पदवी इथे नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला चालणार नाही. लगेच मे महिन्यात त्याच आयोगाने परदेशी विद्यापीठांशी संयुक्त पदवी देण्याचे नवे नियम काढले, चांगले मोकळेढाकळे. दोन्ही विद्यापीठांत किमान ३० टक्के श्रेयांक मिळवायचे आणि एकाच प्रमाणपत्रावर दोघांची चिन्हं. परदेशी विद्यापीठासाठी अट अशी, की ते जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवं. या हजारात ढाक्याचं, इस्लामाबादचं एखादं नाव सापडतं. भूतान आणि मालदीव शोधायला भिंग नेऊ नका, भिंगाचा दोष नाही. म्हणजे आपल्या विद्यापीठाला मेलबर्नशी जोडपदवी सुरू करता येईल, थिंफूशी नाही. बंगालच्या डोंगरातून दिसणारा देश आधी लंडनहून निघणाऱ्या यादीत दिसावा लागतो. तोवर तो आपला शेजारी आहे याला शैक्षणिक पुरावा नाही.

आणि म्हणूनच शेजारी देशांची सर्वांत यशस्वी संयुक्त पदव्युत्तर योजना आज आपलीच आहे. ती ऑस्ट्रेलियात चालते. तिथे परदेशी विद्यार्थ्यांत चीननंतर भारत आणि भारतानंतर नेपाळ अशी क्रमवारी लागते. भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका हेही वर्गात असतात. कोल्हापूरचा मुलगा आणि पोखऱ्याची मुलगी एकाच प्रकल्पगटात येतात, एकाच पट्टीने गुण घेतात, एकच व्हिसा दोघांना पुरतो आणि रात्री एकाच पेट्रोलपंपावर पाळी करतात. तिथे ना मंत्रिपरिषद लागते, ना आखणीचे १५ महिने, ना गुणांचे तक्ते. सगळा निधी पालकांकडून येतो, घर तारण ठेवून, व्याजाने.